तेरा तासांची रात्र

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात सी विंगच्या एका सभासद भगिनींनी केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी त्यांनीच ते लिहून दिलं आहे.)



समितीने मला वीस मिनिटं दिली आहेत आणि साडेआठला जेवण सुरू होणार आहे, हेही बजावून सांगितलंय. शाळेत शिकवते, त्यामुळे तास वेळेत संपवायची सवय आहे. काळजी नसावी.

इथले बरेच जण मला दोन कारणांसाठी ओळखतात. एक म्हणजे तुमच्या मुलांना मी भूगोल शिकवलाय. आणि दुसरं, रात्री-अपरात्री पाठीवर भली मोठी सॅक टाकून वॉचमनदादांना गेट उघडायला लावणारी बाई ती मीच. सुरुवातीच्या काळात त्यावरून खाली पार्किंगमध्ये काय काय तर्क लढवले गेले, ते माझ्यापर्यंत पोचले होते बरं का! आज एकदाचा खुलासा करून टाकते.

गेली चौदा वर्षं मी डोंगरात शोध आणि बचावाचं काम करणाऱ्या एका स्वयंसेवी टीममध्ये आहे. आपल्या तळेगावच्या आसपास अशा कामाची चांगली परंपरा आहे. लोणावळ्याचं शिवदुर्ग मित्र, खोपोलीचे यशवंती हायकर्स ही नावं तुम्ही पेपरात वाचली असतील. सह्याद्रीभरच्या अशा गटांना जोडणारं महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर आहे. ही सगळी माणसं आपापली नोकरी, दुकान, दवाखाना सांभाळून हे काम करतात. आमच्यात एक इलेक्ट्रिशियन आहे, बँकेतले एक साहेब आहेत, चाकणच्या कंपनीत पाळ्या करणारे दोघे आहेत, एक दातांची डॉक्टर आहे. पगार कुणालाच नाही, आणि ज्याला सोडवून आणलं त्याच्याकडून एक पैसाही घ्यायचा नाही, हा नियम.

रेस्क्यू म्हटलं की लोकांना पावसाळा आठवतो. ते साहजिकच आहे. जुलै २०१८ मध्ये आंबेनळी घाटात बस कोसळली, तेव्हा दोर लावून दरीत उतरले ते असेच गिर्यारोहक. जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडीवर दरड आली. वर जायला फक्त पायवाट, यंत्रं नेता येईनात, तेव्हाही हीच मंडळी चिखलातून चढून गेली. अशा बातम्या टीव्हीवर येतात. हिवाळ्यातल्या आमच्या कामाची बातमी फारशी होत नाही, कारण एका वेळी एकच माणूस हरवलेला असतो. म्हणून आज मी हिवाळ्याबद्दलच बोलणार आहे.

हिवाळा फसवा असतो. पावसाळ्यात डोंगर स्वतःच सांगतो, बाबा, जपून. धुकं असतं, निसरडं असतं, ओढे भरलेले असतात. डिसेंबरात मात्र आकाश निळं, हवा छान, कड्यावरून थेट कोकण दिसतंय. माणसाला वाटतं, याहून सोपं काय असणार? पण पावसाळ्यात वाढलेलं गवत तोवर कमरेएवढं होऊन वाळलेलं असतं आणि पायवाट त्याखाली झाकली जाते. ढोरवाट आणि माणसांची वाट यातला फरक नवख्याला कळत नाही. ढोरवाट चांगली मळलेली असते, पण ती जाते चाऱ्याकडे, गावाकडे नव्हे! उतारावरचं वाळलेलं गवत पायाखाली आडवं झालं की तेल सांडल्यासारखं सरकतं. शिवाय घसारा. सुट्टी माती आणि बारीक खडी, त्यावर पाय टाकला की पाय आणि माती दोन्ही खाली निघतात. टाक्यांतलं पाणी आटायला लागलेलं असतं. आणि थंडी असल्यामुळे तहान कळत नाही, म्हणून लोक पाणीही कमी नेतात.

त्यात दिवस लहान. भूगोलाची बाई आहे, म्हणून एवढं सांगतेच. आपल्याकडे जूनमधली रात्र पावणेअकरा तासांच्या आसपास असते आणि डिसेंबरच्या अखेरीची जवळजवळ तेरा तासांची. सहाला सूर्य मावळतो, साडेसहा-पावणेसातला काळोख. दुपारी जेवून आरामात गड उतरायला लागलेला माणूस अर्ध्या वाटेवर अंधारात सापडतो आणि सकाळचे सात वाजेपर्यंत अडकतो. हजार मीटर वर गेलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, हे तुमच्या मुलांनी पाठ केलंय. पण शांत, निरभ्र रात्री थंड हवा जड होऊन खाली दरीत साठते, त्यामुळे कधी कधी माथ्यापेक्षा नाळेच्या तळाशी जास्त गारठा असतो, हे परीक्षेत विचारत नाहीत. वर वारा झोंबतो म्हणून आडोशाला खाली सरकलेला माणूस आणखी थंड जागेत जाऊन बसतो.

आग्या मोहोळाचं तर विचारूच नका. गडांच्या कातळकड्यांना या दिवसांत मोठमोठी पोळी लटकलेली असतात. धूर, आरडाओरडा, उग्र सेंट, कुणीतरी गंमत म्हणून मारलेला दगड, यातलं काहीही त्यांना उठवायला पुरतं. आणि मग बचावाला जाणाऱ्यांची पंचाईत अशी की माणूस समोर दिसतोय, पण माश्या शांत होईपर्यंत जवळ जाता येत नाही. अंधार पडावा म्हणून वाट बघावी, तर डोक्यावरच्या टॉर्चच्या उजेडाकडे त्या येतात. एकदा आम्ही पाच जण अंगभर घोंगड्या लपेटून, टॉर्च विझवून, चांदण्यात रांगत गेलो होतो. वाचला तो माणूस. माझ्या कानामागे सात काटे निघाले.

फोन कसा येतो ते सांगते. बहुतेक वेळा अडकलेली माणसं आधी मित्राला फोन करतात, मित्र दुसऱ्या मित्राला, आणि तासाभराने कुणीतरी ११२ लावतं. मग पोलीस, तिथून आमचा ग्रुप. पहिल्या फोनवर आम्ही जे प्रश्न विचारतो ते लोकांना रागीट वाटतात. बॅटरी किती टक्के? शेवटचं पाणी कधी प्यायलात? कपडे कुठल्या रंगाचे? समोर काय दिसतंय? पाठीमागे काय आहे? आणि मग सांगतो की, आता आहात तिथून एक पाऊलही हलू नका आणि घरी फोन करू नका, घरी आम्ही कळवतो. या शेवटच्या वाक्यावर फार रडारड होते. पण बारा टक्के बॅटरीमध्ये आईशी बोलून झालं की आमच्याशी बोलायला काही उरत नाही.

मोबाइलवरून लोकेशन आलं की काम झालं, असा एक समज आहे. त्यावर माझं ठाम मत आहे की डोंगरात ते लोकेशन म्हणजे फक्त चांगली सुरुवात. नकाशावर ठिपका दोनशे मीटरवर दिसतो, आणि प्रत्यक्षात ते दोनशे मीटर सरळ खाली असतात. तिथे पोचायचं तर पूर्ण गड उतरून, वळसा घालून पलीकडून चढावं लागतं. चार तास जातात. शिवाय घाटमाथ्यावर फोनला रेंज मिळते ती पुष्कळदा दरीपलीकडच्या टॉवरची, मग ठिपकाही भलतीकडेच.

आता एका रात्रीची गोष्ट. काही वर्षांपूर्वीचा डिसेंबर. गडाचं नाव सांगत नाही, कारण त्या मुलाच्या घरच्यांना ते आवडणार नाही. घाटमाथ्यावरचा आहे, इथून दीड तासावर, एवढं पुरे.

सात कॉलेजची मुलं. उतरताना चौघं पुढे, तिघं मागे. मागच्या तिघांतल्या एकाचा गुडघा दुखत होता, म्हणून तो हळू चालत होता. बाकीचे दोघं थोडे पुढे गेले. मागच्यांना वाटलं तो शॉर्टकटने पुढच्यांना जाऊन मिळाला, पुढच्यांना वाटलं तो मागच्यांबरोबर आहे. मंडळी, डोंगरात हरवलेल्यांपैकी कितीतरी जण याच एका पद्धतीने हरवलेले आम्ही पाहिलेत. पायथ्याच्या गावात चहाला सगळे जमले तेव्हा सहाच. तेवढ्यात त्याचा फोन आला, जेमतेम अर्धा मिनिट. ‘मी घसरलोय. पाय हलत नाही. इथे गाडीचा आवाज येतोय, पण दिसत काही नाही.’ पुढे फोन बंद.

सव्वाआठला आमच्या ग्रुपवर निरोप आला. मी पोळ्या लाटत होते. सासूबाईंनी लाटणं हातातून घेतलं आणि म्हणाल्या, ‘मोज्यांचे दोन जोड घे.’ आमच्याकडे यापेक्षा मोठा निरोपसमारंभ होत नाही. सव्वादहाला आम्ही पायथ्याच्या गावात. पावणेअकराला दोन तुकड्या वर गेल्या आणि मी बेसवर बसले, म्हणजे मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर, वॉकीटॉकी, वही आणि दोन फोन घेऊन. बेसवरच्या माणसाला वाटतं की आपण डोंगरात असतो तर बरं झालं असतं. वर निदान चालायचं तरी असतं.

पाचेक मिनिटांत त्या मुलाच्या आईचा फोन आला. अशा वेळी काय बोलायचं, हे आम्हाला जुन्या लोकांनी शिकवलंय. ‘काळजी करू नका’ असं म्हणायचं नाही, कारण ते कुणालाच जमत नाही. ‘सापडेल’ असंही म्हणायचं नाही. जेवढं माहीत आहे तेवढंच सांगायचं आणि पुढच्या फोनची वेळ द्यायची. मी म्हटलं, ‘ताई, दोन तुकड्या वर गेल्यात, दहा जण आहेत. साडेअकराला मी तुम्हाला फोन करीन. काही कळलं नसलं तरी करीन.’ आणि साडेअकरा म्हणजे साडेअकराच. ती वेळ टळली की पलीकडे बसलेल्या माणसाच्या मनात काय काय येतं, याची आपण कल्पना करू शकत नाही.

‘गाडीचा आवाज’ या दोन शब्दांवरून तुकड्या पूर्वेच्या सोंडेकडे गेल्या होत्या. तिकडे डांबरी रस्ता आहे, रात्रीसुद्धा टेम्पो, जीप चालू असतात. मित्रांचंही तेच म्हणणं होतं. बाराच्या सुमाराला गावातले एक म्हातारबाबा घोंगडी पांघरून ओट्यावर येऊन बसले. बराच वेळ नुसते ऐकत होते. मग म्हणाले, ‘बाई, गाडी म्हंजी कंची? मोटार का आगगाडी?’

मी मित्रांना विचारलं. ते म्हणाले, गाडी म्हणजे गाडी, कार असेल. बाबा म्हणाले, ‘त्याच्या घरी इचारा.’

ठरलेली वेळ नव्हती, तरी मी त्या आईला फोन लावला. अर्धी रिंगही वाजली नसेल. ‘सापडला?’ मी म्हटलं, ‘अजून नाही. एक विचारायचंय. तुमच्याकडे गाडी असं कशाला म्हणतात?’ त्या क्षणभर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, ‘आम्ही रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये राहतो हो. ह्यांची ड्यूटी गाडीवरच. आमच्याकडे गाडी म्हणजे ट्रेन.’

म्हातारबाबांनी एकदा मान हलवली. त्यांचं गणित सरळ होतं. घाटातल्या आगगाडीचा आवाज थंडीच्या रात्री लांबवर येतो, पण पूर्वेच्या सोंडेवर येत नाही, मधे डोंगर आहे. पश्चिमेच्या कड्यावर आवाज येतो, पण तिथून खाली कोकणातले दिवेही दिसतात. आवाज येतोय आणि दिवे दिसत नाहीत अशी जागा एकच, पश्चिमेच्या नाळेच्या वरच्या अंगाचं एक बेचकं. त्यांनी तिथे आयुष्यभर गुरं चारली होती. साडेबाराला तिसरी तुकडी निघाली, आमचे तिघे आणि बाबांचा मुलगा आणि पुतण्या. त्या दोघांच्या पायात रबरी चपला होत्या. आमच्याकडे भारीतले बूट, आणि वाट काढत पुढे ते.

तीन वाजून वीस मिनिटांनी वॉकीटॉकीवर आवाज आला, ‘बेस, शिट्टीला उत्तर मिळालंय.’

मी वेळ लिहिली आणि फोन उचलला नाही. आमचा नियमच आहे, हात लागल्याशिवाय घरी कळवायचं नाही. आवाज येणं वेगळं आणि माणूस हाती लागणं वेगळं. मधे दोर बांधून उतरायचं होतं. त्या अर्ध्या तासात मी वहीत तीन वेळा तीच वेळ लिहिलीय, आजही वही उघडली की दिसते. तीन पन्नासला परत आवाज, ‘हात लागला. बोलतोय. शिव्या देतोय.’

शिव्या ऐकून आमच्या दातांच्या डॉक्टरबाई लगेच गंभीर झाल्या. त्याचं कारण सांगते, कारण हे घरीही उपयोगी पडेल. घामाने भिजलेला सुती टीशर्ट, वारा, पोटात काही नाही आणि बूड टेकलेलं थंड कातळावर. यात आपल्या सह्याद्रीतसुद्धा माणसाचं आतलं तापमान उतरत जातं, बर्फ लागतच नाही. सदतीसच्या जागी ते पस्तिसाच्या खाली गेलं की धोका. आधी माणूस कुडकुडतो, ते चांगलं लक्षण, शरीर लढतंय. पुढे कुडकुडणं थांबतं, जीभ जड होते, माणूस चिडचिडा होतो, ‘मला झोपू द्या’ म्हणतो. लोकांना वाटतं बरा झाला. बरा झालेला नसतो. हा मुलगा त्या उंबरठ्यावर होता. घोटा मोडलेला, आणि त्याचं म्हणणं एकच, तुम्ही जा, मी इथेच झोपतो.

त्याचे ओले कपडे काढले, कोरडे घातले. खाली मॅट आणि सॅकची रिकामी पोती अंथरली, कारण पांघरूण कितीही घाला, खालून जमीन ऊब ओढत असते. डोक्याला माकडटोपी. घोट-घोट गरम साखरपाणी, पण तो नीट गिळतोय याची खात्री करूनच. हातपाय चोळायचे नाहीत, आणि दारू तर अजिबात नाही. ‘थोडी पाजा, ऊब येते’ म्हणणारे काका प्रत्येक गावात आणि प्रत्येक सोसायटीत असतात. ऊब आल्यासारखं वाटतं खरं, पण कातडीकडे रक्त धावलं की आतली ऊब बाहेर निघून जाते.

मी आईला फोन केला. ‘ताई, हात लागलाय. शुद्धीवर आहे, पायाला लागलंय, थंडीने गारठलाय. खाली आणायला दुपार होईल.’ त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, ‘टोपी घातलीय का त्याला?’ मी म्हटलं, घातलीय.

चार वाजता बेस दुसऱ्याकडे देऊन मी स्ट्रेचरबरोबर वर गेले. आता खरं काम. लोकांना वाटतं सापडला म्हणजे संपलं. सिनेमात तिथेच गाणं लागतं. प्रत्यक्षात रिकाम्या हातांनी तासाभरात उतरायची वाट स्ट्रेचर घेऊन सहा-सहा तास खाते. एका वेळी सहा जण धरतात आणि काही मिनिटांत हात भरून येतात, की पुढचे सहा. म्हणजे किमान अठरा-वीस माणसं हवीत. जिथे वाट अरुंद तिथे सहाऐवजी दोघंच मावतात, आणि कातळटप्प्यावर दोन दोर लावून स्ट्रेचर इंच-इंच सोडावं लागतं. एक दोर ओझ्याचा, दुसरा पहिला तुटलाच तर त्यासाठीचा. एक माणूस सतत त्याच्या डोक्याशी, नुसता बोलायला. मी त्या मुलाशी दीड तास लोकलच्या वेळापत्रकावर बोलत होते. रेल्वेतलं पोर, त्याला सगळं पाठ.

आम्ही एकूण तेराच होतो. उजाडायच्या आत गावातून अकरा जण वर आले, बोलावलं नव्हतं. दोघीजणी भाकऱ्या आणि कोरडा चहा घेऊन. कारवीच्या जाळीतून जिथे स्ट्रेचर अडकत होतं, तिथे पुढे जाऊन त्यांनी कोयत्याने वाट केली. अकरा चाळीसला आम्ही देवळापाशी, १०८ ची गाडी उभीच होती. दुसऱ्या दिवशी पेपरात आमच्या टीमचा फोटो आला. त्या अकरा जणांपैकी एकही त्यात नाही. त्यांचा त्या दिवसाचा रोज बुडाला, आमची फक्त झोप बुडाली. यावर मी दरवर्षी आमच्या मीटिंगमध्ये भांडते. आता आम्ही बातमी देताना गावाचं नाव आधी घालतो, आणि दोर नवे घेतले की जुन्यांतला चांगला दोर गावात ठेवतो. एवढ्याने फिटत नाही, हे मलाही कळतं.

प्रत्येक वेळी असं होत नाही. एका जानेवारीत आम्ही दोन दिवस शोधलं, आणि तिसऱ्या दिवशी कड्याच्या पायथ्याशी जे मिळालं ते मिळालं. त्यावर फार बोलत नाही. एवढंच सांगते की त्यालाही आम्ही तसंच बांधलं, तसंच दोन दोरांवर उतरवलं, तशीच आदलाबदली केली. नवीन मुलं विचारतात, आता इतकं जपून कशाला? जुनी माणसं उत्तर देत नाहीत, नुसतं ‘डावीकडे थोडं उचल’ म्हणतात. पायथ्याशी त्याचे वडील उभे होते. शेवटच्या शंभर पावलांसाठी त्यांनी स्ट्रेचर धरायला मागितलं. आमच्यातला एक जण बाजूला झाला. पंचनामा होईपर्यंत ते तिथेच बसले होते आणि आमच्यातले दोघं त्यांच्याशेजारी. घरी आल्यावर मी तो दिवस आणि त्याचा दुसरा दिवस काही बोलले नाही. आमच्या मजल्यावरच्या काकू वाटीभर आमटी दाराशी ठेवून गेल्या, काही न विचारता. त्यांना माहीत नसेल, पण माझ्या ते लक्षात आहे.

लोक पैशांचं विचारतात, म्हणून सांगते. दोर, हार्नेस, कॅराबिनर, स्ट्रेचर हे सगळं वर्गणीतून आणि देणग्यांतून. दोराला वय असतं, न वापरताही तो म्हातारा होतो. सात-आठ वर्षांनी सुस्थितीत दिसणारा दोरही बाजूला काढावा लागतो, आणि तेव्हा खजिनदाराचा चेहरा पाहण्यासारखा होतो. बिबट्याचंही विचारतात. चौदा वर्षांत एकदा दोन डोळे चमकले होते, तेही गाईचे निघाले.

आता माझा मुद्दा, आणि त्यासाठी सेक्रेटरी काकांकडे बघते. आपल्या गेटवर एक रजिस्टर आहे. कुरिअरवाला आला, प्लंबर आला, दूधवाला बदलला, की नाव, फ्लॅट नंबर, यायची वेळ, जायची वेळ, सही. पंचवीस वर्षं आपण हे नेमाने करतोय. पण आपलीच पोरं शनिवारी पहाटे सॅक लावून त्याच गेटमधून बाहेर पडतात आणि ती कुठल्या गडावर, कुठल्या वाटेने, कुणाकुणाबरोबर गेली आणि कधी परतणार, हे घरातसुद्धा कुठे लिहिलेलं नसतं. विचारलं तर ‘लोणावळ्याकडे कुठेतरी’. ‘लोणावळ्याकडे कुठेतरी’ म्हणजे आम्हाला एक अख्खी रात्र. चढायची वाट आणि उतरायची वाट वेगळी असेल तर तेही लिहायला हवं. मित्रांपैकी दोघांचे नंबर हवेत. आणि अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर कुणाला कळवायचं, ते हवं. एका चिठ्ठीचं काम आहे, फ्रिजवर लावायच्या. पोरं म्हणतील, आई, तू फार करतेस. म्हणू देत.

आणि काळजीपोटी त्यांना जाऊच देऊ नका, असं मात्र माझं बिलकुल म्हणणं नाही. कळसुबाई १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, हे नुसतं पाठ करायचं आणि थंडीतल्या पहाटे तिथे कधी उभंच राहायचं नाही, तर माझा विषय शिकून उपयोग काय? जा म्हणावं. फक्त हेडटॉर्च, एक कोरडा जोड, कानटोपी, शिट्टी आणि जरा जास्त पाणी. आणि सगळ्यात हळू चालणाऱ्याला रांगेच्या शेवटी एकटं सोडायचं नाही, त्याच्या मागे कुणीतरी हवंच.

साडेआठ व्हायला आले, मसालेभाताचा वास इथपर्यंत येतोय. एक निवेदन करून बसते. येत्या रविवारी सकाळी सात वाजता बी विंगच्या गच्चीवर गाठी बांधायला आणि स्ट्रेचर धरायला शिकवणार आहे. वयाची अट नाही. सेक्रेटरी काकांची परवानगी घेतलेली आहे, पाण्याच्या टाकीला दोर बांधणार नाही असं लेखी दिलेलं आहे. स्ट्रेचरवर झोपायला एक जण हवाय. शक्यतो पन्नास किलोच्या आतला.